घरच्या व्हीएचएस कॅसेटसाठी जुना डीव्हीडी रेकॉर्डर घ्यावा का?

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी. माझे बाबा नारदीय कीर्तन करायचे. १९९१ पासून पुढच्या काही वर्षांतल्या त्यांच्या कीर्तनांच्या कॅसेट आईकडे लोखंडी कपाटात आहेत, शिवाय माझ्या लग्नाच्या दोन. बाबा आता नाहीत, त्यांचा आवाज एवढ्यावरच उरलाय. व्हीसीआर चालतो. स्टुडिओवाल्याने कॅसेटमागे सांगितलेला दर मला झेपणारा नाही आणि कॅसेट घराबाहेर द्यायला आई तयार नाही.

जुन्या वस्तूंच्या साइटवर एक डीव्हीडी रेकॉर्डर दिसलाय, अडीच हजार सांगतायत, रिमोट नाही. भाचा म्हणतो, त्यापेक्षा यूएसबीची स्वस्त कॅप्चर पट्टी (व्हीसीआरचं चित्र थेट कॉम्प्युटरमध्ये घेणारी) घे. न्यू जर्सीचा भाऊ म्हणतो, इथे रेकॉर्डर पडून आहे, पाठवतो. बजेट पाच हजार. कॉम्प्युटर मला बेताचाच येतो. काय करू?

एडिसनकर
ताई, भावाला पाठवू नको म्हणावं. इथले, अमेरिकेतले रेकॉर्डर एनटीएससी या टीव्ही-पद्धतीचे आणि १२० व्होल्टचे. तुमच्या कॅसेट पाल, म्हणजे भारतातल्या पद्धतीच्या. पालमध्ये चित्राच्या ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम, इथे ४८० ओळी आणि ३० च्या आसपास फ्रेम. इथल्या बहुतेक यंत्रांना पालचा सिग्नल दिला तर ती रेकॉर्डच करत नाहीत. ट्रान्सफॉर्मर लावून विजेचं जमेल, पण चित्राचं जमायचं नाही. रेकॉर्डर भारतातच बघा.

नाशिकचा_अभी
मी भाच्याच्या बाजूने. यूएसबी पट्टी, लॅपटॉप आणि ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, काम फत्ते. फाइल थेट हार्ड डिस्कवर. डीव्हीडी आता लावतंय कोण? नव्या लॅपटॉपला ड्राइव्हसुद्धा नसतो.

सावंतवाडी_व्हिडिओ
ताई, मी कैक वर्षं लग्नाची शूटिंग केली, व्हीएचएसवर आणि नंतर मिनीडीव्हीवर. गिऱ्हाइकांच्या जुन्या कॅसेट अजूनही उतरवून देतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अभीचं चूक नाही, पण पट्टीची खरी अडचण आवाजाची आहे. जुन्या टेपचा सिग्नल सरळ येत नाही, हलत-डुलत येतो. तो डळमळला की स्वस्त पट्टी फ्रेम गाळते, आवाज मात्र आपल्या चालीने पुढे जात राहतो. तासाभराने बुवांचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. लग्नाच्या कॅसेटमध्ये वर नुसतं गाणं वाजत असतं, तिथे हे खपून जातं. कीर्तनात कसं खपेल? झांज हातात मिटलेली दिसते आणि आवाज नंतर येतो, हे बघवत नाही. डीव्हीडी रेकॉर्डर चित्र आणि आवाज एकाच घड्याळावर बांधून लिहितो. काही मॉडेलं तर वाकडा सिग्नल सरळ करण्यासाठीच नावाजलेली आहेत. पॅनासॉनिकचे ईएस-१० आणि ईएस-१५ लोक मुद्दाम शोधतात, मधे हे यंत्र ठेवतात आणि पुढे कॅप्चर पट्टी जोडतात. शिवाय कॉम्प्युटर बेताचा येत असेल तर दोन बटणांचं यंत्र बरं. म्हणून माझं मत रेकॉर्डरला.

पण तुम्ही बघितलेला घेऊ नका. रिमोट नसलेला रेकॉर्डर फुकट मिळाला तरी नको. रेकॉर्डिंगचा दर्जा निवडणं, इनपुट बदलणं, डिस्क फायनलाइझ करणं (दुसऱ्या प्लेयरवर चालावी म्हणून ती शेवटी बंद करणं) हे बहुतेक यंत्रांत मेनूमध्ये असतं आणि मेनू रिमोटशिवाय उघडत नाही.

दुसरी गोष्ट, विकणारा डीव्हीडी लावून दाखवेल आणि म्हणेल, बघा, झकास चालतो. त्यावर जाऊ नका. वाचायला लेसरची ताकद थोडी लागते, लिहायला पुष्कळ लागते. थकलेला लेसर सिनेमा दाखवतो आणि कोरी डिस्क घातली की एरर देतो. जाताना कोरी डिस्क सोबत न्या. डिस्क डीव्हीडी प्लस आर की मायनस आर, मशीन काय घेतं ते त्याच्या पुढच्या बाजूला छापलेलं असतं. त्याच्याच टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवरून पाच मिनिटं रेकॉर्ड करा, फायनलाइझ करा, आणि ती डिस्क घरी आणून दुसऱ्या प्लेयरमध्ये लावा. चालली तरच पैसे. असा तपासलेला आणि रिमोटसकट असेल तर अडीच-तीन हजार ठीक. डोंबिवलीहून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक चक्कर मारायलाही हरकत नाही. ट्यूनर चालतो की नाही ते बघू नका, तो जुन्या केबलचा, आता उपयोगाचा नाही.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या मागच्या व्हिडिओ-आउटमधून पिवळी वायर रेकॉर्डरच्या व्हिडिओ-इनमध्ये, आवाजासाठी पांढरी आणि लाल. व्हीसीआर मोनो असेल तर आवाजाचं एकच भोक असतं, तिथे पांढरी लावा. अँटेनाच्या वायरने जोडू नका, चित्र तिथेच अर्धं मरतं. मग रिमोटवरून इनपुट एव्ही किंवा एल-१ करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेकॉर्डरमध्ये एक्सपी, एसपी, एलपी, ईपी असे मोड असतात. ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपीत एक तास मावतो, एसपीत दोन, एलपीत चार, ईपीत सहा. डिस्क वाचवायला म्हणून कुणी सहा तासांचा मोड सांगेल. कृपा करून ऐकू नका. त्या मोडमध्ये चित्राच्या निम्म्या ओळी टाकून दिल्या जातात आणि जे हलतं त्याचे ठोकळे होतात. तुमच्या लग्नाच्या कॅसेटवर मंगलाष्टकांनंतर अक्षता पडतात ती जागा ईपीत उतरवून बघा. शेकडो दाणे एकदम हलतात, यंत्राला ते आवरत नाही आणि नवरा-नवरीचे चेहरे चौकोनात फुटतात. एसपीत तीच जागा स्वच्छ येते. कोऱ्या डिस्कचे काय पैसे पडतात? ते वाचवू नका.

फायनलाइझला काही मिनिटं लागतात. त्यात वीज गेली तर डिस्क गेल्यातच जमा, म्हणून आमच्याकडे हे काम इन्व्हर्टरवरच. फायनलाइझ न केलेली डिस्क दुसऱ्या प्लेयरमध्ये उघडत नाही, आणि नंतर करायची म्हटलं तर बहुधा तेच यंत्र लागतं. आज उतरवलेली डिस्क आजच बंद करा.

आणि अभी म्हणतो ते इथे लागू होतं: डीव्हीडीवर थांबायचं नाही. बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह भाच्याकडून मागवा. डिस्कवर व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर असतो, तो अख्खा हार्ड डिस्कवर उतरवायचा. आतल्या व्हीओबी फाइली एकेक जीबीचे तुकडे असतात, त्या सुट्ट्या करू नका. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने दर्जा न घालवता त्याची सलग फाइल होते. एक प्रत भावाकडे पाठवा.

नाशिकचा_अभी
काका, आवाज मागे-पुढे होण्याचा अनुभव मलाही आलाय, फक्त कारण माहीत नव्हतं. ताई, मेकएमकेव्हीचं अडलं तर मला मेसेज करा, स्क्रीन शेअर करून दाखवतो.

डोंबिवलीकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, दोन शंका. कीर्तनाच्या कॅसेटवर ई-१८० लिहिलंय, म्हणजे तीन तास ना? मग एसपीत दोन तासच मावणार, मधेच तोडायचं? आणि आज कपाट उघडलं तर एका कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरट पूड दिसतेय. ती लावून बघू का?

सावंतवाडी_व्हिडिओ
ताई, ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका! ती बुरशी आहे. एकदा आत गेली की हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. कोकणात आमच्याकडे हे फार बघतो, दोन पावसाळे कपाट उघडलं नाही की झालं. ती आजच वेगळ्या पिशवीत बांधून बाकीच्यांपासून लांब ठेवा. ती साफ करायला कॅसेटचे स्क्रू काढून टेप हळूहळू पुसत न्यावी लागते, ते घरी करू नका. सावंतवाडीला येणं झालं तर आईंना घेऊनच या, त्यांच्या समोर करून देतो, कॅसेट हातातून सोडायला नको.

बाकीच्यांच्या खिडक्या टॉर्च मारून तपासा. स्वच्छ असतील त्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे घ्या, वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप मोकळी होते. चित्रात पांढऱ्या रेघा आल्या तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग फिरवून बघा.

ई-१८० म्हणजे तीन तास, बरोबर. पण तोडायची जागा कीर्तनातच तयार आहे. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तेवढा वेळ पेटी-तबला चालू असतो. तिथे व्हीसीआर थांबवा, डिस्क बदला, टेप थोडी मागे घ्या आणि उत्तररंग दुसऱ्या डिस्कवर घ्या. दोन-चार मिनिटं दोन्हीकडे आली तर बिघडत नाही, अभी नंतर जोडून देईल. ती जागा किती मिनिटांवर येते ते आईंना विचारा, त्यांना आठवत असेल.

सुरुवात बाबांच्या कॅसेटने करू नका. तुमच्या लग्नातल्या स्वागत समारंभाची घ्या आणि ती पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर दहा मिनिटं उतरवा. आवाज येतो का, दोन्ही बाजूंनी येतो का, रंग बरोबर आहेत का ते बघा. नीट जमलं की मग कीर्तनं. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, मधल्या पारदर्शक भागावर डिस्कसाठीच्या मार्करने तारीख, गाव आणि आख्यान लिहा. कोणतं आख्यान कुठल्या देवळात झालं हे आईंकडून आत्ताच वहीत उतरवून घ्या.