मदत हवी आहे : सर्व्हर बंद झाला तरी चालतील असे गेम सुचवा

मंडळी, एकट्याने खेळायच्या गेमलाही सतत इंटरनेट लागावं, हे काही माझ्या पचनी पडत नाही. २०१४ साली आलेल्या 'द क्रू' या कार-शर्यतीच्या गेमचे सर्व्हर युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला तो गेम लोकांना एकट्यानेही खेळता येईना. 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम त्यातूनच उभी राहिली. आपल्याला मिळतो तो फक्त वापराचा परवाना, हे कळतं हो. मग बटणावर 'विकत घ्या' कशाला लिहायचं?

तर यापुढे ऑफलाइन पूर्ण चालणारेच गेम घेणार. 'स्टार्ड्यू व्हॅली' झाला. एकट्या माणसाने बनवलेला २०१६चा गेम, अजून फुकट अपडेट येतात, आणि मोठ्या कंपन्या पात्रांचे कपडे विकत बसल्यात! 'होलो नाइट' आणि 'हेडीज'ही संपवले. आता दमदार कथा आणि भरपूर संवाद असलेलं काहीतरी हवंय. 'बॉल्डर्स गेट ३' खुणावतोय, पण त्याला १५० जीबी जागा लागते आणि माझा लॅपटॉप जुना आहे. ग्राफिक्स साधे असले तरी चालतील, लूट बॉक्स (पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या) मात्र नकोत.

आणखी एक. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरचे इन्स्टॉलर (गेम बसवायच्या फाइल्स) हार्ड डिस्कवर जपून ठेवता येतात, पण स्टीम या ऑनलाइन दुकानातला एखादा गेम स्टीमचं ॲप न उघडता चालेल की नाही, हे घेण्याआधी कसं ओळखता? जाणकारांनी प्लीज सांगा.