मदत हवी आहे : क्लासिक स्पोर्ट्स कारचे मूल्य ठरवताना दुर्मिळता आणि इतिहास यांपैकी कशाला अधिक वजन द्यावे?

क्लासिक स्पोर्ट्स कारच्या किमतींचा अभ्यास करताना एका प्रश्नापाशी मी अडकलो आहे. दुर्मिळतेचा परिणाम उघड दिसतो: मर्सिडीज-बेंझने १९५५ साली ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपेच्या केवळ दोन गाड्या बनवल्या आणि त्यांपैकी एक २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेली. परंतु केवळ संख्या कमी असणे पुरेसे नसावे, कारण मोजक्याच बनलेल्या कित्येक गाड्यांना आज कोणी विचारत नाही. (अपयशी मॉडेलही दुर्मिळच असते!) फेरारी २५० जीटीओच्या जेमतेम ३६ गाड्या बनल्या हे खरे, तरी शर्यतींमधील तिच्या विजयांशिवाय तिला संग्राहकांमध्ये आजचे मोलाचे स्थान मिळाले असते का, याची मला शंका वाटते.

माझी खरी अडचण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांची तुलना करताना येते. एका गाडीचे मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतात, पण तिचा भूतकाळ अगदी सामान्य आहे. दुसरी नामांकित शर्यतींत धावलेली आहे, मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिचे इंजिन बदलले गेले आहे. अशा वेळी जाणकार कोणत्या गाडीला अधिक मूल्य देतात? शर्यतीच्या काळातच झालेला बदल आणि पुढे पुनर्बांधणीत झालेला बदल यांत फरक केला जातो का? तसेच मालकीहक्काच्या कागदपत्रांत काही वर्षांचा खंड असल्यास जुनी छायाचित्रे व शर्यतींच्या नोंदी तो कितपत भरून काढू शकतात, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.