अनुभव धागा : गाडी चालू होऊन नाही राहिली? लक्षण, तपासणी, कारण

आपल्या विदर्भात मोटरसायकल बहुतेकदा शेतरस्त्यावर किंवा नाल्याजवळ बंद पडते आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावाला असतं. ज्यांचे हात रोज इंजिनात असतात त्यांनी इथे लिहावं. गोष्ट नको. लक्षण काय, आधी काय पाहायचं, कोणत्या मापावर काय ठरवायचं आणि कोणती चूक महागात पडते, एवढं लिहा. बहुतेकांकडे १०० ते १२५ सीसीच्या गाड्या आहेत, तेवढं धरून चाला.

दिग्रस, गॅरेज

पहिलं सांगणं हेच की पंचवीस किका मारू नका. चार-पाच किकांत नाही झाली तर थांबा आणि क्रमानं पाहा : ठिणगी, पेट्रोल, हवा, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब). क्रम सोडला की माणूस कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून बसतो आणि दोष किल स्विचात (हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या बटनात) निघतो. धुळीनं किल स्विचचे पॉइंट काळे पडतात. तो दहा-बारा वेळा चालू-बंद करून पाहा, बऱ्याच गाड्या तिथंच सुरू होतात.

मग ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढा. काढण्याआधी त्याच्या भोवतीची माती फुंकून घ्या, नाहीतर सरळ सिलिंडरात जाते. प्लगचं टोक वाचता आलं पाहिजे. विटकरी-तपकिरी असेल तर जळण बरोबर आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आधी फिल्टर पाहा. काळं आणि तेलकट असेल तर ऑईल वर येऊन राहिलं. पांढरंफट म्हणजे पेट्रोल कमी पडते किंवा इनटेकच्या रबरातून हवा ओढते. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल पोचलं पण जळलं नाही.

ठिणगी पाहताना प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगचं भोक कापडानं झाका. सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, तिथं भडका उडू शकतो. निळी, टक-टक आवाजाची ठिणगी हवी. पिवळी-लाल, बारीक असेल तर ती बाहेर दिसते पण आत दाबाखाली विझते. प्लगच्या टोकांमधली फट (गॅप) पुस्तिकेप्रमाणे ठेवा, बहुतेक छोट्या गाड्यांना ०.६ ते ०.९ मिमीच्या मधला आकडा असतो. ठिणगी नसेल तर आधी नवा प्लग, मग कॅप. कॅप वायरीवरून फिरवून काढा, वायरीचं टोक अर्धा सेंटिमीटर कापा, कॅप परत फिरवून बसवा. सडलेलं टोक हे कॉईलपेक्षा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) कितीतरी जास्त वेळा कारण असते. सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सगळ्यात शेवटी, आणि तोही विकत घेण्याआधी त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा लावून पाहा.

प्लग ओला असेल तर चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि आठ-दहा किका. आतलं पेट्रोल निघून जाते. हे कार्ब्युरेटरच्या गाडीचं झालं.

वरूड भाग, संत्रा बागायतदार, घरच्या गाड्या घरीच दुरुस्त करतो

चार-पाच किलोमीटर चालून बंद, दहा मिनिटांनी परत चालू. यात टाकीचं झाकण उघडून पाहा. फुस करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक मातीनं बुजलं आहे. हवा आत येत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण काढून, टाकीपासून दूर नेऊन भोक साफ करा.

बाटलीतलं पेट्रोल आपल्याकडे टळत नाही, पण ते पारदर्शक बाटलीत दहा मिनिटं ठेवून मग टाका. पाणी असेल तर तळाला वेगळे थेंब दिसतात. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते ओल धरते. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि नेमकं तेच आधी कार्ब्युरेटरात उतरते. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी राहिलेली गाडी म्हणूनच नखरे करते. उपाय सोपा : टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोट बाऊलच्या (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीच्या) खालचा ड्रेन स्क्रू सैल करा, सगळं बाटलीत घ्या, स्क्रू आवळा, कॉक उघडा, अर्धं मिनिट भरू द्या.

चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, तर पायलट जेट (कार्ब्युरेटरातलं आयडलच्या पेट्रोलचं बारीक भोक) चोंदला. तो तारेनं टोकरू नका, भोक मोठं होते. क्लीनर स्प्रे आणि हवा एवढंच. एअर स्क्रू (आयडलची हवा कमी-जास्त करणारा) काढायच्या आधी हलक्या हातानं पूर्ण आत फिरवून फेरे मोजून ठेवा. बहुतेक ठिकाणी दीड ते अडीच फेरे बाहेर असतो.

मूर्तिजापूर, गॅरेज

सोयाबीन-तूर काढायच्या दिवसांत एअर फिल्टरसाठी पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा विसरा. थ्रेशरजवळ उभी राहिलेली गाडी आठ दिवसांत फिल्टर भरून आणते. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा, मग इंजिन ऑईल लावून जास्तीचं दाबून काढा. पेट्रोलमध्ये धुतला तर फोम भुरभुरते आणि तुकडे आत जातात. कागदी, तेलकट फिल्टर धुवायचाही नाही, हवाही मारायची नाही, बदलायचा. फिल्टर काढून गाडी चालवणाऱ्यांना कळकळीनं सांगतो : काळ्या मातीची धूळ पिस्टन-रिंगा आणि बोअर खाते. फिल्टरचे वाचवलेले पैसे बोअरच्या कामात अनेक पटीनं जातात.

पुसद तालुका, वाचक

भाऊ, माही गाडी गरम झाली की बंद पडते. थंड झाली की एका किकेत चालू. प्लग नवा आहे, झाकणाचं भोकही मोकळं आहे. काय पाहू?

दिग्रस, गॅरेज

बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच ठिणगी पाहा. प्लग तापलेला असतो, म्हणून दुसरा थंड प्लग खिशात ठेवा आणि तोच कॅपमध्ये लावून तपासा. थंड झाल्यावर तपासलं तर काहीच सापडत नाही. गरम असताना ठिणगी गायब म्हणजे पिकअप कॉईल (मॅग्नेटजवळची, ठिणगीचा इशारा देणारी) किंवा इग्निशन कॉईल तापून तुटते. ठिणगी बरोबर असेल तर किक हातानं दाबून पाहा. हलकी लागते का? मग टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट).

चांदूर रेल्वे, इंजिन काम

वरच्या उत्तरातलं टॅपेटचं नीट सांगतो, कारण यात गैरसमज फार. लोक टॅपेटचा आवाज आला की गाडी घेऊन येतात, पण सैल टॅपेट बोलते तरी. आवळलेलं टॅपेट गप्प असते आणि नुकसान करते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. फट शिल्लक नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते, गरम गाडी किकेला उठत नाही. तशीच चालवली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात डबलसीट आणि वर पोतं, अशा गाडीत हे लवकर दिसते.

सेटिंग पूर्ण थंड इंजिनवरच, रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी. मॅग्नेटवरची (इंजिनाच्या बाजूच्या फिरत्या चाकावरची) टी खूण झाकणाच्या खुणेसमोर आणा आणि दोन्ही रॉकर हातानं किंचित हलतात का ते पाहा. एक जरी ताठ असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनवर नाही, आणखी एक पूर्ण फेरा द्या. फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. छोट्या गाड्यांत ती ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असते, काही मॉडेलांत इनटेक आणि एक्झॉस्टचा आकडा वेगळा असतो, म्हणून पुस्तिका पाहाच. पाती थोडी ओढ घेत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, त्यामुळे आवळल्यावर परत मोजा. कानानं टॅपेट लावून घेऊ नका.

कॉम्प्रेशन तरीही कमी? प्लगच्या भोकातून चमचाभर, ५ मिली इंजिन ऑईल टाका आणि किक दाबा. ताकद वाढली तर रिंगा-बोअर. काही फरक नाही तर व्हॉल्व्ह. हेड खोलायच्या आधी एवढं कळते.

धुराचंही यातच येते. सकाळी पहिल्या मिनिटात निळा धूर आणि मग साफ, तर व्हॉल्व्ह सील. अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर सतत निळा, तर रिंगा. काळा असेल तर ऑईलचा संबंध नाही, पेट्रोल जास्त जळते.

लाखांदूर, धान पट्टा

नाल्यात इंजिन बुडून बंद पडलं तर किकही नाही, सेल्फही नाही. पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी असताना जोर दिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ढकला, किल स्विच बंद करा, प्लग काढा आणि मग दहा-पंधरा किका मारून पाणी बाहेर काढा. एअर बॉक्सच्या खालची ड्रेन नळी उघडा, फिल्टर काढून वाळवा, फ्लोट बाऊल रिकामा करा. मग ऑईल पाहा. दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर इंजिन सुरू न करता बदला. नवं टाकून पाच मिनिटं नुसतं आयडलवर चालवा आणि तेही काढा. पहिल्या बदलानं पाणी पूर्ण निघत नाही.

ऑईलची पातळी : बऱ्याच १०० सीसी इंजिनांत डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवून नाही. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी.

हिंगणघाट, सर्व्हिसचं काम

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमाचा टप्पा) गाड्यांपैकी बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांचा क्रम वेगळा. चावी लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा घूंऽ आवाज आला पाहिजे. तो थांबल्यावरच सेल्फ मारा. आवाज नाही तर किल स्विच, फ्यूज, बॅटरी, या क्रमानं. साईड स्टँडचा सेन्सर चिखलानं अडकला तरी गाडी सुरू होत नाही, म्हणून स्टँड हातानं वर-खाली करून पाहा.

बॅटरी मल्टिमीटरनं मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२ च्या खाली असेल तर चार्ज करा. सेल्फ दाबताना ९.५ च्या खाली घसरली तर बॅटरी थकली. गाडी चालू करून रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसले पाहिजेत. त्याहून वर गेले तर रेग्युलेटर बिघडला, तो बॅटरीही उकळवेल आणि ईसीयूही (इंजिनाचा कॉम्प्युटर) घालवेल. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या.

चावी चालू असताना कुठलाही कपलर (वायरींचा जोड) काढू नका. टाकी रिझर्व्हवर ठेवून फिरायची सवयही सोडा, पंप त्या पेट्रोलनंच थंड राहतो.

मंगरुळपीर, शेतकरी

गोठ्यात उभी राहणारी गाडी आठवड्यानं काढली आणि अचानक सगळंच बंद असेल तर सीटखाली पाहा. उंदीर वायरी कुरतडतात आणि फिल्टरच्या डब्यात कापसाचं घर करतात. कुंभारीण माशी नळ्यांच्या तोंडात माती भरते, टाकीच्या ओव्हरफ्लो नळीत आणि कधी सायलेन्सरच्या टोकालासुद्धा. किक दाबताना मागून हवा येत नसेल तर सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून खात्री करा आणि माती बाहेरच्या बाजूनं टोकरून काढा, आत ढकलू नका. तुटलेली वायर नुसती पिळून टेप मारू नका. सोल्डरचा टाका मारून वर स्लीव्ह चढवा, नाहीतर पहिल्या पावसात तिथंच हिरवा गंज धरते.