मदत हवी आहे: फऱ्याखालच्या बर्सायटिसवर (खांद्यामागच्या चपट्या हाडाखालची पिशवी सुजणं) इंजेक्शन, शुगर असताना घ्यावं का?

मंडळी, वडिलांसाठी विचारतोय. वय ५४, परभणी तालुका, शेती. उजव्या फऱ्याच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात चार महिने दुखतंय. हात वर नेला की कटकट वाजतं. एक्स-रे आणि मानेचा एमआरआय ठीक. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. शुगरच्या गोळ्या चालू, उपाशीपोटी १४०. सुई फुफ्फुसाला लागते असं कुणीतरी सांगितल्यापासून ते तयारच होत नाहीत.

प्रतिसाद १
भीती अगदीच खोटी नाही दादा. सुजलेली पिशवी फरा आणि बरगड्यांच्या मधे असते, बरगड्यांपलीकडे लगेच फुफ्फुस. म्हणून पालथं झोपवून दुखरा हात पाठीमागे कमरेवर ठेवतात. त्यानं फऱ्याची कड उचलली जाते, फट मिळते. सुई छातीच्या दिशेनं रोखायची नसते, बरगड्यांना समांतर फऱ्याखाली सरकवायची. सोनोग्राफीवर टोक बघत देणारे डॉक्टर शोधा, त्यासाठी नांदेडला जावं लागलं तरी जा.

औषध बहुधा ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन (हेच स्टेरॉइड), सोबत ३-४ मिली लिग्नोकेन. लिग्नोकेननं काही मिनिटांत भूल येते, तेव्हाच हात वर करून बघायचा. दुखणं थांबलं तर जागा बरोबर. काहीच फरक नसेल तर दुसरं इंजेक्शन घेण्याआधी निदान पुन्हा तपासा. रात्री भूल उतरली की दुखणं परत येतं, एक-दोन दिवस वाढतंही. स्टेरॉइडचा गुण यायला आठवडाही लागतो, इथंच लोक घाबरतात.

१४० असताना सहसा अडत नाही, पण नंतर आठवडाभर शुगर चढते. रोज मोजा, गोळ्या बंद करू नका, ३०० वर गेली तर डॉक्टरांना फोन करा. रक्त पातळ करायची गोळी किंवा ताप असेल तर आधीच सांगा. दम लागला किंवा श्वास घेताना छातीत कळ आली तर वाट न बघता दवाखाना, छातीचा एक्स-रे.

धागाकर्ता
धन्यवाद. फवारणी कधी सुरू करता येईल?

प्रतिसाद २ (फिजिओथेरपी)
१६ लिटरचा पंप भरला की २० किलोच्या आसपास जातो आणि पट्टे खांदे पुढं ओढतात, दुखण्याचं मूळ तिथं असू शकतं. निदान तीन आठवडे पाठीवर पंप नको. दोन-तीन दिवसांनी व्यायाम: तळवे भिंतीला, कोपरं ताठ, फरे पुढं ढकलून ५ सेकंद धरा. १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. कोपरं वाकवली तर जोर छातीवर जातो, फऱ्याला काही मिळत नाही. हे टाळलं तर इंजेक्शनचा गुण दोन-तीन महिन्यांत ओसरतो. पुढं फवारणी करताना पंप अर्धाच भरा.