घरात बंदूक ठेवायची तर कोणती? (आणि ठेवायचीच का?)

पाणकावळा

नमस्कार मंडळी. टेक्ससमध्ये डॅलसच्या उत्तरेला एका टाउनहाउसमध्ये राहतो. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, आणि वर्षातले पाच-सहा महिने आई. गेल्या महिन्यात आमच्याच रांगेत दोन घरं सोडून चोरी झाली. मागच्या दाराला लाथ घातली, चौकट चिरफाळली, सात मिनिटांत कपाटातलं सोनं घेऊन पसार. घरच्यांच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. तेव्हापासून बायकोला झोप नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

दुसरं कारण फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीचं. वीज गेलेली, घरात पाच अंश, रात्री अकराला कोणीतरी दार बडवायला लागलं. शेजारी होता, पाणी मागायला आला होता. पण कडी काढताना माझ्या हातात क्रिकेटची बॅट होती आणि हात लटलट कापत होते.

आता ग्रीन कार्ड झालंय, म्हणजे कायद्याने घेता येते. मनात तीन आहेत: १२ गेजची पंप शॉटगन, नऊ एमएमचं पिस्तूल, नाहीतर एआर-१५ रायफल. कोणती घ्यावी? ‘घेऊच नका’वाल्यांचंही स्वागत आहे, फक्त कारण सांगा. नुसतं हिणवू नका.

उंटावरचा_शहाणा

बॅटच बरी होती. निदान तिला तिजोरी लागत नाही.

नेमबाज_तात्या

शहाण्यांना बसू द्या उंटावर. पाणकावळा, मी तिन्ही वापरली आहेत, तेव्हा अनुभवाचं सांगतो.

शॉटगनबद्दल दोन गैरसमज काढून टाका. पहिला, ‘पंप ओढल्याचा आवाज ऐकूनच चोर पळतो’. पळेलही, पण ज्या योजनेत चोराने घाबरणं गृहीत धरलंय ती योजना नव्हे. दुसरा, ‘नेम धरावा लागत नाही, छर्रे पसरतात’. खोलीच्या अंतरावर ते जेमतेम तळहाताएवढे पसरतात, नेम धरावाच लागतो. घरासाठी जे जाड छर्ऱ्यांचं काडतूस घेतात त्यात आठ-नऊ छर्रे असतात आणि प्रत्येक जवळजवळ पिस्तुलाच्या गोळीएवढा. धक्काही जबर. वहिनींनी एकदा उडवली तर दुसऱ्यांदा हात लावणार नाहीत.

पिस्तूल छोटं म्हणून लोकांना सोपं वाटतं. नेमाला तेच सगळ्यात अवघड. नळी आखूड, आधार फक्त मनगटांचा, त्यात छातीत धडधड. पण एका हातात मावतं, दुसरा हात फोनला किंवा पोरीला धरायला मोकळा राहतो, आणि पलंगाशेजारच्या छोट्या तिजोरीत बसतं.

एआरचं नाव ऐकून लोक दचकतात, पण चालवायला तिन्हींत सोपी तीच. खांदा, गाल, दोन्ही हात असे चार आधार आणि धक्का नगण्य. गोळी हलकी आणि वेगवान असल्यामुळे भिंतीतून जाताना बरेचदा गिरकी खाते, फुटते.

माझं मत विचाराल तर मूल असलेल्या घरात पिस्तूल, ते सुद्धा तिजोरीसाठी. आधी रीतसर क्लास, मग रेंजवर पाचशे गोळ्या, मग ते घरात. टॉर्चशिवाय घेऊच नका. अंधारात समोर कोण आहे ते दिसलं नाही, तर चापावर बोट जाताच कामा नये. आणि बंद खोलीत गोळी सुटली की कानठळ्या बसतात ही नुसती म्हण राहत नाही, ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. सिनेमात हे कोणी दाखवत नाही.

सुईदोरा

तात्यांनी कोणती ते सविस्तर सांगितलं, मी कोणावर ते सांगते. हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डात अकरा वर्षं काढली आहेत.

२०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. म्हणजे बंदुकीच्या मृत्यूंमध्ये सर्वांत मोठा गट चोर-दरोडेखोरांच्या हातून मेलेल्यांचा नाही, स्वतःच्या हातून गेलेल्यांचा आहे. औषधाच्या गोळ्या खाऊन आलेली मुलगी आम्ही बहुतेक वेळा वाचवतो. शुद्धीवर आली की ती रडते, पाणी मागते, आईला बोलवा म्हणते. बंदुकीच्या बाबतीत दहातले नऊ आमच्यापर्यंत जिवंत पोहोचत नाहीत, किंवा पोहोचून टिकत नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास आला. ज्या पुरुषांकडे पिस्तूल होतं त्यांचं बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या सुमारे आठ पट निघालं. बायकांमध्ये पस्तीस पट.

तुमची मुलगी आज नऊची आहे. सहा वर्षांनी पंधराची होईल. बंदूक तेव्हाही त्याच तिजोरीत असेल, आणि तिला तोवर तुमचे सगळे पासवर्ड माहीत झालेले असतील. माझ्या मुलाला माझे आहेत.

नेमबाज_तात्या

सुईदोरा, आकडे खरे आहेत, नाकारत नाही. पण ज्याने आधीच ठरवलंय तो जाऊन बंदूक विकत घेणार. मग दोष बंदुकीचा की निर्धाराचा?

सुईदोरा

तेही त्याच अभ्यासात पाहिलं गेलंय. खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत धोका सगळ्यात जास्त, तिथे तुमचं म्हणणं बरोबर. पण पिस्तूलवाल्यांमधल्या अशा निम्म्याहून जास्त आत्महत्या खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झाल्या. त्यांनी ते पिस्तूल मरायला घेतलं नव्हतं. चोराच्या भीतीने घेतलेलं असणार बऱ्याच जणांनी. पाणकावळ्यासारखं.

लाल_फीत

वादात पडत नाही. पण एक मुद्दा कोणाच्याच लक्षात आलेला दिसत नाही: आई.

आई व्हिजिटर व्हिसावर येत असणार. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन वगैरे अपवाद आहेत, पण आई रानडुकरं मारायला जात नसतील असं धरून चालतो. एच-१बी वाल्यांनाही हेच लागू, आणि आपल्यातल्या निम्म्यांना हे ठाऊकच नसतं. ‘बाळगणं’ म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. तिजोरीचा आकडा आईंना माहीत आहे, हवं तेव्हा उघडता येते, एवढ्यावरही प्रश्न उभा राहू शकतो. तेव्हा आकडा आईंना द्यायचा नाही.

तुमचं स्वतःचं: ग्रीन कार्डवर असताना बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर तेवढं कारण हद्दपारीला पुरतं. शेजारच्या नागरिकाला जिथे दंड भरून सुटता येतं, तिथे तुमचं विमानाचं तिकीट निघू शकतं. आणि टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हाच वेगळा गुन्हा आहे. मुलीच्या मैत्रिणी राहायला येतात ना?

जुनं_खोड

मी जर्सी सिटीत १९८४ साली आलो. १९८७ मध्ये तिथे ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी होती. कुंकू-टिकली दिसली की मारायचे. वर्तमानपत्रात पत्र छापून आलं होतं त्यांचं, भारतीयांना शहरातून हाकलून देऊ म्हणून. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एका पारशी तरुणाला मारमारून ठार केलं. आमची ही बसस्टॉपवर उतरायच्या आधी टिकली काढून पाकिटाला चिकटवायची आणि घरात शिरली की आरशासमोर परत लावायची. तुम्हा पोरांना वाटतं भीती ही काल सुरू झाली.

पोलिसांत दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेल्यावर परत जाऊ नये एवढं कळलं. मग परवाने काढून एक रिव्हॉल्वर घेतलं. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना लागतो, महिने गेले त्यात. तीसपेक्षा जास्त वर्षं घरात होतं. रेंज सोडून एकदाही उडवलं नाही. पण तेव्हा त्याने झोप दिली, हे मी नाकारणार नाही. तेव्हा तात्या चूक आहेत असं मी म्हणू शकत नाही.

ही चार वर्षांपूर्वी गेली. तेराव्याला मुलगा म्हणाला, बाबा, ते जरा मी नेतो. सगळे कागद करून स्वतःच्या नावावर करून घेतलं त्याने. का, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सुईदोरा

काका, मुलगा शहाणा आहे तुमचा.

शून्यप्रहर

धाग्यात चोरी आणि आपत्ती या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. चोरीचं नंतर कोणी बोला, मी आपत्तीचं बोलतो. २०२१ मध्ये मीही ऑस्टिनला तसाच गारठलो होतो.

त्या थंडीत सरकारी मोजणीप्रमाणे टेक्ससमध्ये २४६ माणसं गेली. सुमारे दोन-तृतीयांश निव्वळ गारठून. काही कार्बन मोनॉक्साइडने, कारण ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, घरात कोळसा पेटवला. पाणकावळा, तुमच्याकडे मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? माणशी रोज एक गॅलन पाणी, असं दोन आठवड्यांचं साठवलंय का? आईंची औषधं? घरातला पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते वहिनींना माहीत आहे का? तुमच्या दारावर जो आला होता तो पाणी मागायला आला होता, हे तुम्हीच लिहिलंय. जादा पाणी ठेवणं हीच त्या रात्रीची खरी तयारी होती.

नेमबाज_तात्या

थंडीत लोक शहाण्यासारखे वागले म्हणून प्रत्येक वेळी वागतील असं नाही. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये ९११ ची, म्हणजे तातडीच्या मदतीच्या फोनची, यंत्रणाच कोलमडली होती. आणि वर पोलिसांनी घरोघर जाऊन साध्या नागरिकांच्या बंदुका जप्त केल्या. शेवटी २००६ मध्ये अमेरिकन काँग्रेसला कायदा करावा लागला की आपत्तीच्या नावाखाली असं करता येणार नाही. १९९२ च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीत कोरियन दुकानदार छपरावर का चढले होते? पोलीस आलेच नाहीत म्हणून. पाणी साठवा, जरूर साठवा. मी दोन्ही साठवतो.

शून्यप्रहर

कतरिनाचा दाखला पुरता द्या तात्या. त्याच शहरात अल्जियर्स पॉइंट नावाचा भाग कोरडा राहिला होता. तिथल्या काही गोऱ्या रहिवाशांनी रस्ते अडवले, हातात शॉटगन घेतल्या, आणि सुटकेच्या बोटीकडे चालत निघालेल्या काळ्या माणसांवर गोळ्या झाडल्या. तीही ‘घराच्या रक्षणासाठी तयार असलेली’ माणसं होती. संकटात सगळी गल्ली हत्यारबंद झाली की संशयित कोण ठरतो? तुम्ही छपरावरच्या कोरियनाच्या जागी स्वतःला पाहताय. मी रस्त्याने चालणाऱ्याच्या जागी पाहतो. आपला रंग बघून समोरचा आधी काय ठरवेल?

आणि लुइझियानातलंच आणखी एक. १९९२, बॅटन रूज. सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घराची बेल वाजवली. घरमालकाने ओरडून थांबायला सांगितलं, पोरगा हसत पुढे आला. एक गोळी. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. माझे वडील इथे आले की संध्याकाळी फिरायला जातात, आणि आमच्या वसाहतीतली सगळी घरं एकसारखी दिसतात. दोनदा शेजारच्या घराला किल्ली लावून बसलेत.

नेमबाज_तात्या

म्हणूनच टॉर्च म्हणालो होतो. म्हणूनच क्लास म्हणालो होतो. एका मूर्खाने केलं त्याचा हिशेब मी का द्यायचा? गाडीने माणसं मरतात म्हणून आपण बसने जातो का?

उंटावरचा_शहाणा

डॅलसमध्ये? बस दाखवा, आज जातो.

लाल_फीत

चोरीचं राहिलंय म्हणून: केंद्राच्या न्याय सांख्यिकी विभागाने २००३ ते २००७ चा हिशेब मांडला होता. घरफोडीच्या वेळी घरात कोणी असण्याचं प्रमाण २८ टक्के, आणि एकूण घरफोड्यांपैकी ७ टक्क्यांत घरच्यांवर हिंसा. म्हणजे बहुतेक वेळा चोर येतो तेव्हा तुम्ही ऑफिसात आणि बंदूक घरात. सोन्यासोबत तीही जाते, आणि पुढे ती कुठे निघेल ते देव जाणे. मात्र ७ टक्के म्हणजे वर्षाला अडीच लाखांवर घरं, हेही खरं. तात्या त्याचसाठी बोलताहेत.

आणि बोटाच्या ठशाची स्वस्त तिजोरी घेऊ नका. २०२३ मध्ये अशा सुमारे ६१ हजार तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या, कोणाच्याही बोटाने उघडत होत्या म्हणून. एक बारा वर्षांचा मुलगा गेला होता त्यात. आकडे दाबायची घ्या, आणि पलंगाला नाही, भिंतीतल्या लाकडाला बोल्टने आवळा.

पाणकावळा

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण शनिवारी एक उद्योग केला.

तात्यांचं ‘गोळी भिंतीतून जाते’ डोक्यात राहिलं होतं. रात्री मुलगी झोपल्यावर निळी चिकटपट्टी घेतली आणि आमच्या खोलीच्या दारात, जिथे मी उभा राहीन तिथे, जमिनीवर फुली मारली. जिन्यावरून कोणी वर आलं तर हात कुठे रोखला जाईल तिथे भिंतीवर पट्टी लावली. मग तीच रेघ पुढे नेली. अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्समचा बोर्ड), मध्ये पोकळी, परत अर्धा इंच, आणि पलीकडे मुलीच्या पलंगाची उशी. अगदी उशीच. दुसरीकडून, म्हणजे खाली हॉलच्या दिशेने पट्टी नेली तर आईचा सोफा-कम-बेड. उरलेली भिंत शेजाऱ्यांची, सामायिक, आणि त्यांच्याकडे दोन महिन्यांचं बाळ आहे. पुस्तकांचं भरलेलं कपाट ज्या भिंतीला आहे तेवढीच दिशा मोकळी सापडली. चोराला तिथे उभं राहा म्हणून सांगावं लागेल.

बायको बराच वेळ ती पट्टी बघत होती. म्हणाली, आधी पोरीचा पलंग हलव, मग बंदुकीचं बोलू.

पलंग हलवला. तात्या, तुमच्या क्लासमध्ये नाव घालतोय, बंदूक घेवो न घेवो. सध्या मोनॉक्साइडचे अलार्म आणलेत, पाण्याचे कॅन भरलेत. मागच्या दाराच्या चौकटीतली, कडीची जीभ अडकते ती पट्टी उघडून पाहिली तर तिला पाऊण इंचाचे दोन स्क्रू निघाले. एवढ्यावर आम्ही चार वर्षं झोपत होतो. नवीन जाड पट्टी आणि तीन इंची स्क्रू आणलेत.

नेमबाज_तात्या

ये क्लासला. पण तुझी पट्टीची रेघ बघून एक सांगतो: मी तुझ्या घरात असतो तर पोरीच्या खोलीत जाऊन दार लावून बसलो असतो आणि दाराकडे तोंड करून थांबलो असतो. घरभर फिरायचं नसतंच. सगळे एका खोलीत आले की पट्टी वेगळी पडते. मत बदललेलं नाही माझं.

सुईदोरा

माझंही नाही. पण ‘सगळे एका खोलीत, दार बंद, ९११ ला फोन’ इथपर्यंत तात्यांशी शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

पाणकावळा

तारीख लिहिली. बाकी एक विचारायचं राहिलं: तीन इंची स्क्रू सरळ मारले तर चौकट फाटेल का? आधी भोक पाडायचं असेल तर केवढं?

जुनं_खोड

आधी भोक पाड. स्क्रूच्या मधल्या दांड्यापेक्षा किंचित बारीक. आणि साबण लाव स्क्रूला.