मदत हवी आहे : कॅलेडियमचे कंद हिवाळ्यात कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी. जूनमध्ये नर्सरीतून कॅलेडियमच्या ३ कुंड्या आणल्या. पांढऱ्या पानांवर हिरव्या शिरा, एकात गुलाबी ठिपके. पावसाळाभर बाल्कनी नुसती उजळून निघाली होती. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून एकेक माना टाकायला लागली आणि आता कुंड्या ओक्याबोक्या.

वाचून कळलं की हे मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलातलं, अळू-सुरणाच्याच कुळातलं. खोड जमिनीवर येतच नाही, पानाचा देठ थेट कंदातून निघतो. कोरडे महिने कंद झोपून काढतो, म्हणजे झाड मेलेलं नाही. एवढा धीर आला. (सासूबाईंना मात्र ते अळूच वाटलं, वड्या करायच्या बेतात होत्या! यात कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तोंड-घसा सुजतो, म्हणून वेळीच अडवलं. घरात लहान मुलं, मांजर असेल तर जपा.)

आता अडचण. एक कुंडी उकरली तर कंद लिंबाएवढा, पण एका बाजूने मऊ पडलाय. तेवढा भाग कापून, हळद किंवा राख लावून वाळवला तर वाचेल का? बाकीचे दोन कुंडीतच कोरडे ठेवू, की काढून कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात)? आमच्याकडे पुण्यात डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी असते. आणि लावताना कंदाची वरची बाजू ओळखायची कशी? मला तर दोन्हीकडून सारखाच दिसतो.

ज्यांनी स्वतः एक-दोन वर्षं टिकवलेत, त्यांनी प्लीज सांगा.