मदत हवी आहे: गेममध्ये पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) वेगळं कसं ओळखायला लावू?

सहावी-सातवीच्या मुलांसाठी प्लास्टिक रिसायकलिंगचा मराठी मोबाइल गेम बनवतेय. अँड्रॉइडवर, इंटरनेटशिवाय चालणारा. पाण्याच्या टाकीची लेव्हल छान जमली: एचडीपीई, पीपी ही हलकी प्लास्टिकं तरंगतात, पेट बुडतं. अडलंय पीव्हीसीपाशी. तेही बुडतं, आणि पेटमध्ये थोडं जरी राहिलं तरी वितळवताना आम्ल सुटून माल खराब होतो. त्यामुळे हा भाग गाळायचा नाहीच. प्लास्टिकच्या वस्तूंवर छापलेल्या त्रिकोणातले १ (पेट) आणि ३ (पीव्हीसी) हे आकडे वापरून पाहिले, पण तुकड्यांवर ते क्वचितच सापडतात. मिठाच्या पाण्यानेही भागत नाही, दोघांची घनता जवळपास सारखीच. जाळून बघणं मुलांना अजिबात दाखवणार नाही, धूर विषारी असतो.

भंगार किंवा रिसायकलिंगच्या कामातलं इथे कोणी आहे का? हाताने, डोळ्यांनी किंवा आवाजावरून पीव्हीसी ओळखायची कोणती खूण तुम्ही रोज वापरता?